माझ्या पट्टीतलं गाणं

आमचं गाव बाभुळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि रस्त्याला लागूनच आमची पिठाची चक्की आहे. लग्न होऊन आले त्या वर्षापासून मी या चक्कीवर उभी राहते. पट्टा फिरायला लागला की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ओरडूनच बोलावं लागतं. ज्वारी कोणाची, गहू कोणाचे, जाड पाहिजे की बारीक, सगळं ओरडून. इतकी वर्षं ओरडल्यावर माणसाचा आवाजच तसा होऊन जातो. घरात जेवताना मी मीठ मागितलं तरी नव्या पाहुण्याला वाटतं, यांचं भांडण लागलं.

अशा बाईनं गाणी करावीत याची मलाही कधीकधी गंमत वाटते. पण मी करते. आमच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला बाया जमतात. वंदना झाली की कोणीतरी गाणं म्हणतं. त्यासाठी मी लिहायला लागले. चाली मला चक्कीवरच सुचायच्या. चक्कीची घरघर एका सुरात चालते, तिच्यावर शब्द बसवायला बरं पडतं. म्हणायची मात्र माझी मोठी जाऊ. तिचा आवाज उंच, मोकळा. तिनं सूर लावला की लेकरंही गप बसायची. मी लिहायचं आणि तिनं म्हणायचं, असं आमचं न ठरवता ठरून गेलं होतं. ती माहेरी गेली असताना एकदाच मी विहारात उभं राहून म्हटलं होतं. पहिलं कडवं संपलं आणि मागून एक बाई हळूच बोलली, "कोनाचं दळन झालं वं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यानंतर मी उभी राहिले नाही.

मग जाऊ मुलाकडे नागपूरला राहायला गेली. त्याच हिवाळ्यात मी माझ्या आईवर एक गाणं केलं. आई रोज कापसाच्या वेचणीला जाताना आधी मला शाळेत सोडायची. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि शेत तिसरीकडेच, तरी ती तो फेरा घालायची. पदराच्या टोकाला भाकर बांधलेली असायची. तेवढंच गाणं होतं, फार काही नाही. मी जाऊला फोनवर शब्द सांगितले. ती म्हणाली, शब्द कळले, पण चाल कशी कळणार, तू म्हणून पाठव.

मी स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलवर म्हटलं आणि पाठवायच्या आधी एकदा ऐकलं. पंख्याची खरखर, भांड्यांचा घणघणाट आणि त्या सगळ्यावरून ओरडणारी एक बाई. वरच्या सुरावर तर ती बाई अक्षरशः किंचाळत होती. पण नुसती चालच कळवायची होती, म्हणून पाठवून दिलं.

जाऊनं आठवड्याभरात स्वतः म्हणून परत पाठवलं. तिच्या सुनेनं छान रेकॉर्ड केलं होतं. आम्ही ते पौर्णिमेला विहारातल्या स्पीकरवर लावलं. 'फाटक्या पदरात बांधली भाकर' ही ओळ आली तेव्हा जाऊनं 'फाटक्या'वर आवाज असा लांब ओढला, असा कापत खाली आणला, की बायांनी डोळ्यांना पदर लावले. सगळ्या मला म्हणाल्या, काय गाणं केलं बाई. मी घरी आले आणि जेवण गेलं नाही.

ह्यांनी विचारलं, काय झालं. मला नीट सांगता येईना. जाऊनं वाईट म्हटलं नव्हतं, उलट इतकं चांगलं मला साता जन्मांत आलं नसतं. पण त्या गाण्यातली बाई माझी आई नव्हती. ती कोणीतरी बिचारी होती. माझी आई बिचारी नव्हती. ती ताठ चालायची आणि शाळेच्या फाटकाशी मला सोडताना "नाही समजलं ते मास्तरला विचारल्याशिवाय घरी येऊ नको" असं दम देऊन सांगायची.

"मंग तूच म्हन," हे म्हणाले.

मी म्हटलं, "माहा आवाज आइकला ना तुमी? चक्कीवाली वाटते."

"चक्कीवालीच तर हायेस," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

त्या वाक्याचा मला राग आला होता, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी दळण करता करता मी ठरवून टाकलं की म्हणायचं. जाऊसारखं नाही. माझी आई ओळखू येईल इतकं नीट म्हणायचं, आणि तसं होईपर्यंत सोडायचं नाही.

पहिली अडचण गोंगाटाची. आमचं घर रस्त्यावर, ट्रक वणीकडून येतात ते रात्रंदिवस येतात, आणि दिवसभर चक्की. पण दुपारी आमच्याकडे लाइन जाते. लाइन गेली की चक्की बंद, पंखे बंद, शेजारचा टीव्ही बंद. ज्याला आम्ही इतकी वर्षं शिव्या दिल्या, त्या लाइन जाण्याची मी वाट पाहू लागले.

दुसरी गोष्ट योगायोगानं कळली. वेचणी संपत आली होती आणि मधल्या खोलीत कापूस छतापर्यंत भरला होता. मी काही काढायला आत गेले आणि तिथून ह्यांना हाक मारली. एरवी माझी हाक बसस्टँडपर्यंत जाते. ओसरीवर बसलेल्या ह्यांना ती ऐकूच गेली नाही. मी तिथेच उभी राहून टाळी वाजवली. टाळी वाजली तिथंच विझली. स्वयंपाकघरात जी भांडी आणि भिंती माझा आवाज चौपट करून परत फेकत होत्या, तसलं इथं काहीच नव्हतं. दुपारी लाइन गेल्यावर मी कापसाच्या गंजीला पाठ लावून बसले आणि एक कडवं म्हटलं. ऐकलं तर आवाज कोरडा, जवळचा, कोणी कानाशी बोलावं तसा. वाईटच होता, पण निदान फक्त माझा होता.

कापसात बसण्याची किंमत संध्याकाळी कळली. मानेवर, हातांवर लाल चट्टे उठले, खाजवून खाजवून जीव गेला, वरून खोकला. कापूस घरात भरून ठेवला की हे होतंच, आणि मी तर त्यात टेकून बसले होते. मग मागच्या खोलीत दोरी बांधून तिच्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या, भिंतीला गादी उभी केली आणि त्या आडोशात बसायला लागले. कापसाइतकं नाही, पण बरंच साधलं.

आता आवाज. ह्यांच्या मोबाइलवर मी तंबोऱ्याचं ॲप घेतलं आणि इअरफोन एकाच कानात घातला. दोन्ही कानांत घातला की मला माझा सूर कळेना, आणि न घालता म्हटलं की दुसऱ्या कडव्यापर्यंत मी भलतीकडेच पोचायची. एका कानात तंबोरा आणि दुसऱ्या कानात मी, असं जमलं. माझा मोबाइल समोर डब्यांवर ठेवून त्यात रेकॉर्ड करायचं.

तरी मी ओरडतच होते. ओरडायचं नाही असं स्वतःला बजावलं की आवाज घशात बसायचा आणि पुटपुटल्यासारखा यायचा. पुष्कळ दुपारी अशाच गेल्या. शेवटी मी म्हणायच्या आधी प्रत्येक ओळ नुसती बोलायला लागले. शेजारी लेकरू झोपलंय आणि त्याला सांगतेय, तशी. मग त्याच आवाजात, मोबाइल वीतभर अंतरावर ठेवून, म्हणायची. असा माझा एक आवाज आहे हेच मी विसरले होते. तो लहान होता, जरा जाड होता, पण कापत नव्हता.

त्या आवाजाला जाऊची पट्टी मात्र झेपणारी नव्हती. इतकी वर्षं मी तिच्या गळ्यासाठी चाली करत आले होते आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी तंबोरा खाली आणला. फार खाली आणला तर शेवटची ओळ नुसती हवा होऊन जायची. थोडा वर, पुन्हा खाली, असं करत एक जागा सापडली जिथं वरचा सूरही ताण न देता लागायचा. एका ठिकाणी मात्र तो रोजच कमी पडायचा. मी जोर लावून पाहिला, रोज लावून पाहिला. मग एक दिवस ती ओळ वर न नेता खालीच वळवली. चाल माझीच होती, ती मी बदलायची नाही तर कोणी? लांब ओळींत श्वास तुटायचा तिथंही मी तेच केलं, शब्द काढून ओळी आखूड केल्या.

आणि मग 'फाटक्या'. त्या शब्दातला 'फ' आला की मोबाइलमध्ये फुंकर मारल्यासारखा फट्ट आवाज यायचा. मी मोबाइल जरा बाजूला सरकवला, बाकीचे 'भ' आणि 'प' त्यानं सुधारले, पण ओळीच्या सुरुवातीला जोरानं येणारा हा 'फ' काही ऐकेना. वैतागून मी त्याच्या जागी 'जुन्या' म्हणून पाहिलं. 'जुन्या पदरात बांधली भाकर.' आवाज स्वच्छ आला. आणि मी म्हणायचं थांबले. आईचा पदर कधी फाटका नव्हताच. लुगडं जुनं असायचं, पण जरा उसवलं की ती त्याच संध्याकाळी चुलीच्या उजेडात सुईदोरा घेऊन बसायची. फाटक्या पदरानं ती शाळेच्या फाटकाशी कधी उभीच राहिली नसती. मीच गाण्यासाठी तिचा पदर फाडला होता. शब्द बरा वाटला, म्हणून.

लाइन आली, बाहेर दळणाचे डबे घेऊन बाया थांबल्या होत्या, आणि मी गोधड्यांच्या आत बसून राहिले. हे पाहायला आले. माझा चेहरा पाहून परत गेले आणि चक्की त्यांनीच सुरू केली.

त्यानंतर काम सोपं झालं असं नाही, पण मी काय करतेय याबद्दल शंका उरली नाही. एक सवय मी लावून घेतली. म्हटल्या म्हटल्या ऐकायचं नाही. त्याच दिवशी ऐकलं की सगळंच टाकाऊ वाटायचं. सकाळी चक्की सुरू व्हायच्या आधी, चहा घेताना ऐकायचं आणि जी ओळ खटकेल तेवढीच दुपारी परत म्हणायची. एका ॲपमध्ये एकावर एक आवाज ठेवता येतो हे सापडलं, तेव्हा धृपद मी दोनदा म्हणून एकत्र केलं. माझा एकटा आवाज पातळ पडत होता तिथं तो भरला. ह्यांना ऐकवलं.

त्यांनी विचारलं, "हे दुसरी कोन हाय?"

"मीच."

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

पुन्हा ऐकून म्हणाले, की दुसऱ्या कडव्यात अजून थोडी चक्कीवर हायेस. खरंच होतं. ते कडवं मी परत म्हटलं.

पुढच्या पौर्णिमेला, विहारात वंदना झाल्यावर, मी स्पीकरला मोबाइल जोडला आणि काही न सांगता बाजूला जाऊन बसले. आवाज माझा आहे हे बायांना लगेच कळलं. एकदोघींनी वळून पाहिलं. पहिलं कडवं तसंच शांततेत गेलं. 'जुन्या पदरात' आलं, तेव्हा कोणी डोळ्याला पदर लावला नाही. मला वाटलं, संपलं. पण धृपद परत आलं तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी बाई हळू आवाजात म्हणायला लागली. मग पुढच्या दोघी. पुढच्या धृपदाला अर्धा विहार म्हणत होता. जाऊच्या वेळी असं कधी झालं नव्हतं, कारण तिच्या पट्टीत आमच्यातल्या कोणाचाच आवाज पोचत नव्हता. ती म्हणायची आणि आम्ही ऐकायचो. ही पट्टी खाली होती, सगळ्यांच्या आवाक्यातली. ते मी त्यांच्यासाठी केलं नव्हतं, माझा गळा चालावा म्हणून केलं होतं. पण बाया उठताना गुणगुणत उठल्या. म्हातारीनं जाता जाता मला विचारलं, तुझी माय मास्तरला भ्यायची का. मी नाही म्हटलं. "तसंच वाटलं," ती म्हणाली.

जाऊला मी स्वतःच पाठवलं. तिला वाईट वाटेल अशी धास्ती होती. दोन दिवस काही आलं नाही, मग दुपारी फोन आला. आधी तिनं सुनेची, नातवाची ख्यालीखुशाली सांगितली. मग म्हणाली, की ऐकलं, तीनचारदा ऐकलं, वरची जागा तू खाली काहून वळवली ते मले समजलं.

"अन् 'फाटक्या' काहून काढलं वं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. आई, सुईदोरा, सगळं.

तिनं फोनवरच 'जुन्या पदरात' एकदा गुणगुणून पाहिलं. मग म्हणाली, "मले आधी सांगायचं होतं ना. मी तसं म्हटलं नसतं."

"मलेच ठाऊक नव्हतं, बाई," मी म्हटलं. "सोता म्हणून पाह्यलं तवा समजलं."