मेलेल्या जनाचा नंबर

टोकावड्याची लहानी दिसायला भोळी, पण पोटातलं ओठांवर येऊ देणारी बाई नव्हती. तिची रोशनी परजातीच्या पोराशी लग्न करून निघून गेली, तेव्हा थोरला मुलगा सुदाम अंगणात उभा राहून ओरडला होता, "सापडू दे, पाय नाय तोडले तर बघा!" आणि सुदाम बोलला की करणारच, मुलखाचा आडमुठा.

पण आईचं काळीज कुठं ऐकतंय! रानात गेली की लहानी कमरेचा जुना मोबाइल काढायची. वाचता येत नव्हतं. रोशनीची मैत्रीण मीना सासरी जाण्याआधी नंबर घालून गेली होती; तीनचं बटण दाबून धरलं की लेक बोलायची. नाव कुणाचं टाकू, असं मीनानं विचारल्यावर लहानीच म्हणाली, "जना टाक." जना तिची बहीण, मरून जमाना लोटलेली. मेलेल्या बाईला कोण फोन लावतंय?

दिवाळीत सुदामनं नवा मोबाइल घेतला. शहापूरच्या दुकानात आईचाही नेला, तिला न विचारता, आणि दोन्हींतले नंबर एकमेकांत घालून आणले. "आता एक हरवला तरी सगळं दुसऱ्यात हाय," तो कौतुकानं म्हणाला. म्हणजे जनाचा नंबरही आता त्याच्याकडे होता.

ओट्यावर बसून तो एकेक नाव बघत होता. मध्येच थांबला.

"आये, जना मावशी गेली तवा गावात टावर तरी व्हता का गो?"

त्यानं तिच्याच मोबाइलवरून नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"आये! किती दिसांनी गो! आमी वाशिंदला आलोय, टेशनच्या मागं खोली घेतली..."

"रोशने, पळ गो!" लहानी किंचाळली, पण फोन त्यानं आधीच कापला होता. दोन्ही मोबाइल खिशात कोंबून त्यानं मोटरसायकलला किक मारली. ती हँडलला लोंबकळली, तर हात झटकून तो गेलासुद्धा. वाशिंद काही लांब नाही.

लहानी अनवाणीच धावत रस्त्यावरच्या ढाब्यावर पोचली. गल्ल्याशेजारी रुपया टाकून बोलायचा लाल फोन होता. ढाबेवाल्या कुंडलिकनं तिचं तोंड बघून स्वतःच रुपया काढला आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

"नंबर सांग, काकी."

लहानीनं तीनच्या बटणावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला.