नमुना पाठातली मुलगी

विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमुळे दोनदा पुढे ढकललेलं आमचं शिबिर अखेर परभणीत सुरू झालं, तेव्हा मला खुर्चीत बसवत नव्हतं. झरीच्या शाळेत माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती, तिला ऐकू येत नव्हतं. निघताना तिचे वडील म्हणाले होते, "तुमी शिकून या, बाई. न्हाई जमलं तर तिला शेळ्यांमागं लावतो."

शिबिर होतं अपंग मुलांना आपल्याच शाळेत, इतर मुलांबरोबर कसं शिकवायचं याचं. पण शिबिर घेणारे सर व्याख्याच लिहून देत होते. बहिरेपणाचे प्रकार, त्यांचे उपप्रकार. मी विचारलं, वर्गात गेल्यावर तिच्यासमोर नेमकं करू काय? ते नमुना पाठात येईल, म्हणाले. शेजारच्या बाई निवांत स्वेटर विणत होत्या.

नमुना पाठाला, रिवाजाप्रमाणे, जवळच्या शाळेतली निवडक हुशार मुलं आणून बसवली. त्यातल्याच एकीला बहिरी व्हायला सांगितलं होतं. सरांनी पहिला प्रश्न विचारला आणि सगळ्यांच्या आधी हात तिचाच वर. सगळे हसले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. चहाच्या वेळी सरांना सांगून टाकलं, उद्या मुलगी मी आणते.

संध्याकाळच्या एसटीनं झरी गाठली आणि सकाळी बापलेकीला घेऊन परतले. रस्ताभर धास्ती वाटत होती. इथंही जमलं नाही, तर वडिलांच्या डोळ्यांदेखत तिची शाळा सुटणार होती.

सर तिच्याशी हसून बोलले. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग ते फळ्याकडे वळले आणि लिहिता लिहिता बोलत राहिले, आम्ही सगळेच शिक्षक बोलतो तसे. पोर चुळबुळली. डावीकडे वाकली, उजवीकडे वाकली. शेवटी उठली आणि सरांच्या व फळ्याच्या मधे शिरून, मान वर करून उभी राहिली.

खडू थांबला. मागून वडील हळूच म्हणाले, "घरी बी अशीच आडवी येती. मला वाटायचं, लय हट्टी हाय."

सरांनी तिच्याकडे तोंड करून पाठ पहिल्यापासून सुरू केला. या वेळी विणकाम बंद होतं.

परतीच्या एसटीत जागा असूनही वडील बसले नाहीत. तिच्यासमोर, ड्रायव्हरकडे पाठ करून, दांडा धरून उभे राहिले आणि झरी येईपर्यंत तिच्याशी बोलत होते.