भाऊबीजेचा टीव्ही

सापगावच्या संजीवनीने आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नव्हता. आसनगावच्या एका कंपनीत ती बाटल्यांना लेबलं लावायच्या कामाला होती. पगाराचं खातं होतं म्हणून बँकेने तिला क्रेडिट कार्ड दिलं, आणि गेल्या दिवाळीला तिने ते पहिल्यांदा वापरलं ते धाकट्या भावासाठी. रविंद्र नुकताच मुरबाडला कंत्राटी कामावर लागला होता आणि फुटक्या काचेचा मोबाईल रबर लावून वापरत होता. तिने चौदा हजारांचा नवा फोन त्याच्या हातात ठेवला, तेव्हा तो कितीतरी वेळ नुसता खोकाच न्याहाळत बसला होता.

पुढे दर महिन्याला मेसेज यायचा, किमान भरायची रक्कम इतकी. संजीवनी एक दिवस उशीर न करता सातशे रुपये भरायची. शेजारणींना सांगायचीही, "आमचा एक हप्ता चुकला नाय."

यंदा बोनसचे सहा हजार मिळाले. वर्षाचे चौऱ्याऐंशीशे गेले, म्हणजे छप्पनशे राहिले, असं मनाशी धरून ती अर्धा दिवस सुट्टी टाकून शहापूरला बँकेत गेली. एकदाचं मिटवून टाकायचं होतं.

काउंटरवरच्या प्रणय नावाच्या तरुणाने कॉम्प्युटरवर पाहिलं. "बारा हजार एकशे पन्नास."

"कुणाचे?"

"तुमचेच, ताई."

"नाव बघा ना नीट. संजीवनी वाळू भोईर, सापगाव."

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. नाव तिचंच होतं. बाराही महिन्यांचे सातशे एकाखाली एक दिसत होते, आणि तरी तळाचा आकडा तोच.

"किमान रक्कम भरली की दंड लागत नाही," तो हळू आवाजात म्हणाला, "पण व्याज चालूच राहतं. तुमच्या सातशेतले जवळजवळ साडेपाचशे व्याजातच जात होते. पहिलंच बिल पूर्ण भरलं असतंत, तर व्याज लागलंच नसतं."

संजीवनीने स्क्रीनवरचे सातशे बोटाने परत एकेक करून मोजले. "मला कुणी सांगितलं नाय ते," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"बिलाच्या मागच्या पानावर असतं, ताई."

तिने सहाच्या सहा हजार तिथेच भरले आणि प्रणयने छापून दिलेला हिशेबाचा कागद पिशवीत टाकला. बाहेर पडली ती एसटी स्टँड ओलांडून बरीच पुढे गेली, तेव्हा कुठे आपली गाडी मागे राहिल्याचं तिला कळलं.

घरी नवऱ्याला, वाळूला, तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हातात असंल तेवढीच दिवाळी करू." तसंच झालं. सासूच्या लुगड्याला सासूनेच नको म्हटलं. मुलांना एकेक जोड कपडे आणि रविंद्रला एक शर्ट, सगळं रोख घेतलं.

भाऊबीजेला रविंद्र आला तो मोटारसायकलच्या मागे भलामोठा खोका बांधून. टीव्ही होता. मुलं नाचायला लागली. संजीवनीने ओवाळलं, त्याच्या तोंडात करंजी घातली आणि विचारलं, "एवढे पैसे कुठून आणलेस रे?"

"कार्ड काढलंय," तो ऐटीत म्हणाला. "सोळा हजारांचा हाय. पण महिन्याला आठशेच भरायचे. तू नाय का मला मोबाईल घेतलास, तसाच."

तिच्या हातातलं ताट कललं आणि निरांजन विझलं. बँकेत ऐकलं तेव्हाही तिला असं झालं नव्हतं. भाऊ तिच्याच पावलावर पाऊल टाकून तिथेच निघाला होता, आणि वाट तिनेच दाखवली होती.

"बॉक्स फोडू नको," ती म्हणाली.

तिने बँकेचा कागद आणून त्याच्यापुढे ठेवला. त्याने एकदा वाचला, परत वाचला. त्याचा चेहरा उतरला. मग तो चिडला. "भाऊबीजेची वस्तू परत देतंय का कुणी? लोक काय म्हणतील, ताय?"

"लोक व्याज भरायला येणार हायेत का?"

तो न जेवताच ओटीवर जाऊन बसला. संजीवनीला वाटलं, आता हा उठून जाणार. पण तासाभराने त्याने आत डोकावून विचारलं, "दुकानदार घेईल का गो परत?"

दुसऱ्या दिवशी दोघं मुरबाडला गेली. दुकानदाराने सील तपासलं, कुरकुर केली, पाचशे कापून घेतले आणि बाकीचे कार्डावर परत पाठवले. "आठ दिवस लागतील," म्हणाला. ते आठ दिवस संजीवनी कामावर सारखी मोबाईल बघत होती. सहाव्या दिवशी रविंद्रचा फोन आला.

"जमा झाले, ताय. राहिलेले पाचशे पगारातनं आताच पूर्ण भरले. काय बाकी ठेवलं नाय." मग त्याने विचारलं, "तुझे किती राहिलेत?"

"सहा हजारांच्या वर."

"माझ्या मोबाईलचेच ना ते?"

पुढच्या पगाराला तो सातशे पन्नास रुपये घेऊन सापगावला आला. तेवढेच तिने घातले. दर पगाराला असंच करत शिमग्याच्या आधी दोघांनी मिळून सगळं फेडलं आणि संजीवनीने बँकेत जाऊन कार्ड बंद करायचा अर्ज दिला. पोच मिळाल्यावर तिने या वेळी मागचं पानही वाचलं.