मेणातला तुकडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बहुधा जीभ थोडी सैल सुटतेय — तरी बघा, पहिल्याच ओळीत आडवाटेला लागलो.

मी कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. मी तो मेणाच्या वडीत बसवतो, मशीनवर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतो, काचेवर घेऊन रंगवतो आणि डॉक्टरांपुढे ठेवतो. उरलेली वडी खणात जाते. माणूस बरा होऊन घरी जातो, कधी मरतो — वडी खणात तशीच राहते. याची मला पूर्वी कधी भीती वाटली नव्हती.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आतड्याच्या आजारांवर संशोधन चालू होतं. क्रोन्स नावाचा एक आजार असतो, त्यात शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. आणि आतड्याचा टीबी असतो. दोन्ही दिसायला सख्खी भावंडं, औषधं मात्र एकमेकांच्या उलट. क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड देतात. तेच टीबीच्या माणसाला दिलं तर टीबीला रान मोकळं. म्हणून काचा तपासणाऱ्या आमच्या डॉक्टर सरांचा नियम होता — वरच्या कापांत टीबीची खूण दिसली नाही, तर वडी आणखी खोल कापायची, तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर. खूण कधीकधी तळाशी दडलेली असते. काम कंटाळवाणं खरं, पण ते माझंच होतं ना?

सुवर्णा कोडोलीची. तिशीतली, दोन मुली, दारात चार म्हशी. वर्षभर पोटात कळा आणि जुलाब, अंगावर नुसती साडी उरलेली. रिपोर्ट विचारायला खिडकीशी आली आणि माझा तुकडा दाखवा म्हणून हटून बसली. असं कुणी म्हणत नाही. मी वडी तिच्या तळहातावर ठेवली. मेणात तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका.

"एवढासा? आन ह्याच्यापायी मी एवढा वाळलो व्हय?" म्हणाली आणि हसली. जाताना वळून म्हणाली, "दादा, नीट ठेवा की. माझाच हाय त्यो."

दोन दिवसांनी सरांची चिठ्ठी आली — सुवर्णाची वडी खोल कापा. त्या दुपारी आमच्या पेठेच्या टीमची फायनल होती. कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉलसाठी माणूस काय काय सोडतो, ते बाहेरच्याला कळायचं नाही. मी काय सोडलं, ते सांगतो. वडी मशीनवर चढवली, वरूनच तीन काप घेतले, एकाला लागून एक. काचांवर लिहिलं — पहिली पातळी, दुसरी पातळी, तिसरी पातळी. रंगवायला मशीनमध्ये सोडल्या आणि मैदान गाठलं. आम्ही जिंकलो. गुलालात न्हाऊन घरी आलो.

सरांना त्या काचांत काही दिसलं नाही. दिसणार कसं? क्रोन्स ठरलं, स्टेरॉइड सुरू झालं. महिनाभर ती चांगली सुधारली. मला खिडकीतून खरवसाचा डबा दिला. मी खाल्ला. मग ताप आला, खोकला, धाप. तिला ॲडमिट केलं, तेव्हा सर स्वतः खाली लॅबमध्ये आले, काचा पुन्हा पाहिल्या आणि विचारलं, "हे काप खोलवरचेच ना?"

ती तेव्हा जिवंत होती. वरच्या मजल्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर.

मी म्हणालो, "हो सर."

माझा गुन्हा त्या फायनलमध्ये शोधू नका, या दोन शब्दांत शोधा. माझ्या शब्दावर सरांनी क्रोन्सच धरलं, स्टेरॉइड चालू राहिलं. पुढे थुंकीत टीबी सापडलाच, पण मधे चार दिवस गेले होते. ॲडमिट झाल्यापासून आठव्या दिवशी ती गेली. ते चार दिवस मिळाले असते तर वाचली असती का? माहीत नाही. हे 'माहीत नाही' मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याची लाज वाटते.

तिच्या दहाव्याला दुपारी तिचा दीर मोटारसायकल दामटत लॅबच्या दारात आला. "पावणं, सकाळपास्नं कावळा शिवंना. फांदीवर बसून हाय, खाली उतरंना. आई म्हनत्यात, तिचा तुकडा तुमच्याकडं ऱ्हायलाय, त्यो द्या." ती घरी सांगायची म्हणे — दादांकडं माझा तुकडा ठेवायला दिलाय.

वडी अशी देता येत नाही. मी लगेच हो म्हणालो. दया आली म्हणून? छे. पुरावा आपल्या पायांनी चालला होता. पण दिराला बाकावर बसवून मी दार लावलं आणि वडी मशीनवर चढवली. का, ते मला अजून सांगता येत नाही. यावेळी खोल कापलं. काप रंगवला, मायक्रोस्कोपखाली धरला. गोल गोल पुंजके, मधे मेलेला गुलाबी भाग. इतकी वर्षं पाहून टीबीची ही खूण मलाही ओळखता येते. बाहेरून दीर ओरडत होता, "झालं का पावणं?"

वडीचा प्लास्टिकचा तळ काढून मेण कागदात गुंडाळलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि त्याच्या मागे बसलो. एकट्याच्या हाती ते द्यायचा धीर झाला नाही. उन्हात मेण मऊ पडत होतं. कोडोलीपर्यंत ते माझ्या छातीला कोमट लागत होतं, अंगासारखं.

वारणेच्या काठावर तो तुकडा पिंडाशेजारी ठेवला. कावळा हलला नाही. नवरा म्हणाला, पोरींना शिकवतो. सासू म्हणाली, तुझ्या म्हशी इकणार न्हाय. तो फांदीवर तसाच, मान तिरकी करून. कावळे तिरकेच बघतात, मला कळतं. पण तो पिंडाकडे बघत नव्हता हो — माझ्याकडे बघत होता. मी हात जोडले आणि मनात म्हणालो, सुवर्णा, मी सांगेन. सरांना, तुझ्या घरच्यांना, सगळं सांगेन.

माझं म्हणून होतंय तोवर कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

बायका रडायला लागल्या. सासूने माझे दोन्ही हात धरले. "तुकडा आला आन बाई सुटली बघा." मग तो तुकडा नदीत सोडला. मेण बुडत नाही. बराच वेळ ते काठाजवळच फिरत राहिलं.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. संशोधनाच्या कागदांत तिच्या नंबरापुढे 'खोल कापांत खूण नाही' असंच आहे, आणि ते वाचून डॉक्टर पुढच्या पेशंटचं ठरवतात. तिचा नवरा दर हंगामात गुळाची ढेप घेऊन येतो. तुमच्यामुळं ती सुटली, म्हणतो. मी ढेप घेतो. दहाव्याच्या दुपारी रंगवलेली ती काच माझ्या कपाटात आहे, खूण अजून स्वच्छ दिसते.

सुवर्णा माझ्या शब्दावर गेली. तो शब्द मी पाळलेला नाही.