आत्याने धुतलेली पाण्याची पिशवी

माझ्या नणंदेचं कौतुक करायला मी बसलेली नाही. तिचं कौतुक करणारे घरात पुष्कळ आहेत. नवरा तिचा भाऊच, तो करणारच. पण माझी लेक, जिला मी नऊ महिने पोटात आणि पुढे दोन वर्षं कडेवर वागवली, तीही उठता-बसता 'आत्या, आत्या' करायला लागली, तेव्हापासून मी जळते आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आत्या (घरात सगळेच तिला आत्या म्हणतात, मीसुद्धा) एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुवायची. चिमटे, कात्र्या, बारीक नळ्या. एका खिडकीतून घाण ट्रे आत यायचा, दुसऱ्या खिडकीतून स्वच्छ ट्रे बाहेर जायचा. वर कोण पेशंट, कोण डॉक्टर, तिला कधी दिसलं नाही. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर ती आमच्याकडे, स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायला आली. पहिल्याच दिवशी मी दिलेला पाण्याचा ग्लास तिने तोंडाला लावण्याआधी हुंगला, आणि निमूट उठून मोरीत जाऊन धुऊन आणला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लेक लांब पल्ल्याच्या शर्यती धावते, डोंगरातून, पन्नास-पन्नास किलोमीटर. पाठीवर जाकिटासारखी सॅक, तिच्यात दोन लिटरची मऊ प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून खांद्यावर येणारी नळी आणि नळीच्या टोकाला रबरी बोंडलं. दातांनी दाबलं की पाणी. ती त्याला हायड्रेशन पॅक म्हणते, आम्ही नुसतं पिशवी म्हणतो. सुरुवातीला ती पिशवी मी धुवायचे. आईनेच धुवायची ना? मी भांड्यांच्या लिंबाच्या वासाच्या साबणाने चांगली फेस काढून धुतली. आठव्या किलोमीटरला साबणाच्या चवीने पोरीला उलटी झाली. घरी आल्यावर ती मला एक अक्षर बोलली नाही, पिशवी नेऊन आत्याच्या हातात दिली. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर चाललं असतं.

तेव्हापासून आमची मोरी म्हणजे आत्याचं तळघर झालं. लेक धावून आली की तिचे बूट दारात निघायच्या आत आत्या पिशवी घेऊन पसार. आधी कोमट पाणी, गरम अजिबात नाही, प्लास्टिक रुसतं म्हणे. मग दोन चमचे खाण्याचा सोडा, पिशवी गच्च भरून अर्धा तास. बोंडलं उपटून वेगळं. नळीतून तारेचा लांब ब्रश चार वेळा, आणि मग ती नळी एका टोकाला धरून डोक्यावर गरगर फिरवायची, आतला शेवटचा थेंब उडेपर्यंत. माझ्या धुतलेल्या भिंतीवर शिंतोडे. शेवटी पिशवीच्या तोंडात माझी रवी घालून, आतल्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत म्हणून, ती सावलीत उलटी टांगायची. पूर्ण वाळली की फ्रीजरमध्ये. सॅकसुद्धा गार पाण्यात, न पिळता. हे सगळं चालू असताना लेक बाजूला स्टुलावर बसून तिला कुठे चढ होता, कुठे पाय घसरला, ते सांगायची. मी विचारलं तर उत्तर एकच, "बरी झाली."

मग एक मोठी शर्यत ठरली. तिसाव्या किलोमीटरला दोरी बांधलेली असते. तिथे रिकामी पिशवी काढून भरलेली द्यायला प्रत्येक धावणाऱ्याचं एकच माणूस आत सोडतात. गळ्यात कार्ड घालून. ते कार्ड मला हवं होतं. दुसरं काही नको होतं मला. पण मागायची कशी? स्वतःच्या पोरीकडे अर्ज करायचा?

शर्यतीच्या आधी मंगळवारी आत्याने पिशवी धुऊन टांगली आणि तीन दिवसांसाठी जुन्या मैत्रिणीकडे निघाली. जाताना म्हणाली, "वहिनी, उद्यापर्यंत वाळेल. मग झाकण लावून ठेवून द्या. घाई नका करू."

ती कोपऱ्यावर वळली असेल नसेल, मी पिशवी काढली. आत पाण्याचे थेंब दिसत होते. मी रवी उपसली, बोंडलं बसवलं, झाकण घट्ट फिरवलं आणि पिशवी सॅकमध्ये कोंबून गीझरखालच्या कपाटात ठेवली. एकदा तरी तिचं काम नासू दे, एवढंच मनात होतं. पोरीच्या पोटात काय जाईल, याचा विचार केला नाही. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

शुक्रवारी संध्याकाळी आत्या परत आली आणि लेकीने सॅक उघडली. कुबट भपकारा आला. नळी आतून बुळबुळीत झाली होती.

"हे कुणी ठेवलं असं?" लेकीने विचारलं.

आत्याने पिशवी नाकाशी नेली. मग माझ्याकडे बघितलं.

"मीच गं," ती म्हणाली. "जायच्या गडबडीत ओलीच ठेवली. वय झालं."

लेकीने तिच्या गळ्यात हात टाकला. "होतं गं आत्या. चल, दोघी मिळून परत धुऊ." आणि खिशातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. मला लिंबाच्या साबणाबद्दल आजवर माफी नाही, आणि हिला बुरशीवर बक्षीस.

रात्रीच्या भाकऱ्या करताना आत्या माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. "मी ओली पिशवी कधी बंद करत नाही, वहिनी."

"मग खोटं का बोललात?"

"परवा धावायचंय तिला. आईशी भांडून कशाला धावायचं?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याचाही राग आला. चांगुलपणातसुद्धा पहिला नंबर हिचाच.

रविवारी मी दोरीबाहेर उभी होते, आत्या आत. लेक नव्या, जास्तीच्या पिशवीवर सुटली होती; ही धुऊन भरलेली पिशवी आणि नवी नळी छातीशी धरून ती सकाळपासून ताटकळत होती. लेक आली, चेहरा घामाच्या मिठाने पांढरा, नजर मनगटावरच्या घड्याळावर. तिने सॅक पुढे केली. आत्याने पिशवी बदलली, झाकण तपासलं, नळी खांद्यावरून ओढून दिली. लेकीने बोंडलं दाताखाली धरलं आणि निघून गेली. ना आत्याकडे बघितलं, ना माझ्याकडे. आत्या रिकामी पिशवी घेऊन तशीच उभी राहिली.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कळू दे, म्हटलं, हिलाही.

आत्या सावकाश दोरीपाशी आली. "वहिनी, मी झाकणाकडे बघत होते. तुम्ही बाहेरून बघितलं असेल." तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. "तिने माझ्याकडे बघितलं का हो?"

'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. कितीतरी महिने मी तो जपून ठेवला होता. पण समोर ती होती, गळ्यात ते कार्ड, आणि इतक्या आशेने बघत होती की माझ्या तोंडून तो निघेना.

"बघितलं की," मी म्हणाले. "तुम्ही वाकला होता तेव्हा. हसलीसुद्धा."

आत्याने मान हलवली. "मला वाटलंच," ती म्हणाली.