नळीवरचा काळा रंग

मिस्त्रींनी पिकअपखाली आडवं होऊन ब्रेकची नळी नखानं खरवडली, तर काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि आत गंजून झालेली चाळण दिसली. सहा महिन्यांपूर्वी याच नळ्या धाकट्या भावानं बदलल्या होत्या. निदान तसं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. गाडी परक्याची नव्हती, सख्ख्या बहिणीची होती. आज सकाळी उतारावर पेडल थेट तळाला टेकलं. गाडी भिंतीला घासून थांबली, म्हणून ताई समोर धडधाकट उभी होती.

"दादा, तेव्हा नळी मिळत नव्हती," धाकटा पुटपुटला. "म्हटलं, तात्पुरतं..."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. फक्त केस ब्रशाचे होते.

मिस्त्रींनी दुपारपर्यंत एकट्यानं नव्या नळ्या वाकवून बसवल्या, ऑइल भरलं, एबीएसच्या पंपात अडकलेली हवा सुटावी म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडला. पण नळ्यांतली हवा काढणं एकट्याचं काम नाही. खाली झोपलेला माणूस चाकामागचा नट सैल करतो, आणि तो 'सोड' म्हणेपर्यंत वरच्यानं पेडल दाबून धरायचं असतं. वीस वर्षं वर धाकट्याचाच पाय होता. सवयीनं तो सीटवर चढलासुद्धा.

"उतर," मिस्त्री खालून गरजले. "ताई, तू बस. मी सांगेपर्यंत पाय काढू नकोस."

"मग मी काय करू, दादा?"

"काळा रंग उरलाय ना? तोंडाला फास."