ह्यांचा बोगदा

सणावाराला घरी आले तरी ह्यांचं अर्धं मन बोगद्यातच असतं. ताटावर बसायच्या आधी तिकडे फोन लागतो. "नव्या ठिगळावर पाणी मारलं का? दोन टाइम मारजो. सुकू नोको देजो." मी पोळी हातात घेऊन उभी. माझी तब्येत इतक्या काळजीनं ह्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, "सवतच हाय तुयी ते." सवत असती तर निदान झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

ह्यांचं काम सांगायला सोपं. डोंगर फोडून बोगदा केला की आतल्या खडकावर पाइपातून दाबानं काँक्रीट मारतात, शॉटक्रीट म्हणतात त्याला. ते अस्तर वाळताना आकसतं, भेगा पडतात, त्यांतून पाणी झिरपतं आणि आतली लोखंडी जाळी गंजते. म्हणून हे हातोडी घेऊन भिंती वाजवत फिरतात. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीलाही काळ्या मातीपायी दर उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेग पडते. त्यावर ह्यांचं एकच, "पाणी पडलं का मिटते ते." शेवटी मी तिथं कॅलेंडर टांगलं.

यंदा माझ्या भावानं वर्ध्याला ह्यांच्यासाठी काम पाहिलं. इमारतींच्या बांधकामावर देखरेख करायची आणि रोज संध्याकाळी घरी यायचं. मालक थोडे दिवस थांबायला तयार होता. हे ना हो म्हणत, ना नाही. मग मीच आमच्या समुद्रपूरहून एसटीत बसले आणि दोन गाड्या बदलून बोगदा गाठला. म्हटलं, बघू तरी काय एवढं रूप लागून गेलंय.

रूप कसलं डोंबलाचं? करडं, खडबडीत, जागोजागी पांढरे ओघळ आलेलं. पण हे हलकेच ठोकत होते, कान देऊन ऐकत होते. टणक वाजलं की चेहरा खुलायचा, भद्द वाजलं की आत पोकळ, तिथं खडूनं गोल. एका भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली होती; भेग वाढली तर काच फुटणार. तिच्यावरून बोट फिरवत हे म्हणाले, "पाह्य, दोन पावसाळे झाले, हालली नाई." माझ्या कपाळावरून असा हात शेवटचा कधी फिरला होता, ते काही आठवेना. त्या मेल्या भिंतीवर मी मनापासून जळले.

"भावाले काय सांगू?" मी विचारलं.

"एक पावसाळा पाहू दे."

"दर साली हेच म्हणता तुम्ही. काऊन एवढा जीव लावून राह्यले इथं? घरी कोणी नाई का?"

हे हसले. "इथं ध्यान नाई देलं तं एखांद्या दिवशी खाली येते सारं. घराचं तसं नाई. तू हाय ना तिथं. तुयाकडं काई पाहाच लागत नाई."

हे कौतुकानं म्हणाले, म्हणूनच जास्त झोंबलं. मी घरून आणलेला डबा काढून पुढं ठेवला. ह्यांनी डब्यातली पोळीभाजी खाल्ली, मला फाट्यापर्यंत सोडलं आणि लगबगीनं परत गेले.

एसटीतूनच मी भावाला फोन लावला आणि त्या कामासाठी दुसरा माणूस पाहा म्हणून सांगितलं. ह्यांना मी हे सांगितलेलं नाही. त्या कामाचं काय झालं, ते ह्यांनीही अजून विचारलेलं नाही.